बेहिशेबी पाणी

पावसाळा लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट छापून येते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सातही जलाशयांची नावं एकाखाली एक, समोर आजचा साठा, गेल्या वर्षी याच दिवशी असलेला साठा आणि शेवटी टक्केवारी, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. सातांची मिळून साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, हा आकडा चौकट वाचून वाचून अनेकांना पाठ झाला आहे. तुळशी भरून वाहू लागला की बातमी होते, मोडकसागरचे दरवाजे उघडले की छायाचित्र येतं. शंभर किलोमीटरवरच्या जलाशयात काल रात्री किती पाणी वाढलं ते मुंबईकराला सकाळी चहाबरोबर कळतं. तेच पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघून गल्लीतल्या नळापर्यंत येईस्तोवर त्यातलं किती उरलं, याची चौकट मात्र मी आजवर कुठल्याही वर्तमानपत्रात पाहिलेली नाही.

विचारलं तर आकडा मिळतो. कधी २५ टक्के, कधी २७, कधी ३४. विचारणारा कोण आणि सांगणारा कोण यावर तो पुढेमागे सरकतो, कारण तो मोजलेला नसतो, अंदाजाने काढलेला असतो. शहराला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी दिलं जातं. सगळ्यांत सौम्य अंदाज धरला, म्हणजे चौथा हिस्सा, तरी रोजचं जवळजवळ हजार दशलक्ष लिटर पाणी हिशेबाबाहेर राहतं. ज्या गारगाई धरणासाठी पालघर जिल्ह्यातली गावं आणि तानसा अभयारण्यातली लाखो झाडं पाण्याखाली जायची आहेत, ते धरण मुंबईला रोज देणार ४४० दशलक्ष लिटर. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प पहिल्या टप्प्यात देणार २००. दोन्हींची बेरीज ६४०. आपल्या हातून रोज जे निसटतं ते या दोन्ही प्रकल्पांहून मोठं आहे.

अभियंते आजकाल या पाण्याला ‘नॉन-रेव्हेन्यू वॉटर’ म्हणतात, म्हणजे महसूल न देणारं पाणी. त्यापेक्षा मला आपला जुना शब्द नेमका वाटतो: बेहिशेबी पाणी. मराठीत बेहिशेबी हे विशेषण आपण सहसा मालमत्तेला लावतो. बेहिशेबी मालमत्ता हरवलेली नसते. ती कुणाकडे तरी असते, फक्त वहीत नसते. आणि ती वहीत येऊ नये अशी व्यवस्था कुणी तरी नीट लावलेली असते. शहराच्या पाण्याचंही तसंच आहे. जुने पाइप, वाहतुकीने खचणारे रस्ते, तुटपुंजा निधी ही कारणं खरी आहेत, पण ती अर्धीच आहेत. गळती वर्षानुवर्षं टिकते, कारण हिशेब नसणं पुष्कळांच्या सोयीचं असतं. ज्यांची सोय होते त्यांत मीही आहे, आणि बहुधा हा लेख वाचणारे तुम्हीही आहात.

आधी पाणी जातं कुठे ते पाहू. आपण सरसकट ‘गळती’ म्हणतो त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, खरोखर जमिनीत मुरणारं पाणी: सांध्यांतून, घराकडे येणाऱ्या गंजलेल्या सर्व्हिस लाइनमधून, ती लाइन मुख्य वाहिनीला जोडणाऱ्या फेरूलच्या बुडाशी. दुसरी, कुणी तरी वापरलेलं पण नोंद नसलेलं पाणी: बेकायदा जोडणी, मीटरला वळसा घालून टाकलेला पाइप. तिसरी, मोजण्यातली चूक: वर्षानुवर्षं बंद पडलेला मीटर, सरासरीने लावलेलं बिल. पहिल्यात पाणी वाया जातं. दुसऱ्या-तिसऱ्यात ते कुणाच्या तरी पोटात किंवा कारखान्यात गेलेलं असतं, पैसे तेवढे आलेले नसतात. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सगळ्यांना एकाच टक्केवारीत कोंबलं की कुठलाच उपाय नीट करता येत नाही, आणि कुठल्याच उपायाबद्दल कुणाला जाबही विचारता येत नाही.

मुरणाऱ्या पाण्याबद्दल आपली कल्पना टीव्हीने घडवली आहे. जलवाहिनी फुटते, दुमजली कारंजं उडतं, रस्त्याची नदी होते. समजा असा पाइप सेकंदाला ५० लिटर पाणी सोडत दहा तास फुटका राहिला. गेलं १८ लाख लिटर. आता दुसरं उदाहरण घ्या. सतत दाब असलेल्या वाहिनीला तुरीच्या दाण्याएवढं, सहा मिलिमीटरचं भोक आहे आणि आत वीस मीटरचा दाब आहे. साध्या सूत्राने हिशेब केला तर दिवसाला २९ हजार लिटर पाणी त्यातून जातं. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने ही दोनशेहून जास्त माणसांची रोजची गरज झाली. हे भोक कुणाला दिसत नाही, कारण पाणी वर येत नाही. ते शेजारच्या गटारात किंवा पावसाळी नाल्यात उतरतं. दोन वर्षं तसंच राहिलं तर दोन कोटी लिटरच्या वर जातं. टीव्हीवरच्या कारंज्याच्या हे अकरापटीहून जास्त भरतं. शहराचं पाणी मोठ्या फुटीत फारसं जात नाही. ते अशा मुक्या भोकांत जातं, आणि मुक्या भोकांना बातमीमूल्य नसतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मे महिन्यात रस्त्याकडेला हिरवंगार गवत उगवलं होतं. आजूबाजूची माती भाजून निघालेली आणि तेवढा हातभर पट्टा लुसलुशीत. गल्लीतल्या सगळ्यांना ते शुभलक्षण वाटलं. पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले एक फिटर शेजारी राहतात. ते म्हणाले, “अहो, मे महिन्यातलं गवत म्हणजे लिकेज. खाली लाइन गळतेय.” मग त्यांनी जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या. रात्री रहदारी थांबल्यावर लोखंडी काठीचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. गळणारा पाइप बारीक शिट्टीसारखा वाजतो. “कान तयार व्हायला दहा वर्षं लागतात,” ते म्हणाले, “आणि आता ते कान निवृत्त झाले.” आम्ही तक्रार केली. खड्डा खणून पाइप सांधायला पाच आठवडे लागले. तोवर किती पाणी गेलं हे कुणी मोजलं नाही, आणि मोजा असं आम्हीही म्हटलं नाही. नळाला पाणी येत होतं, मग कशाला?

गळती मोजायची खरी वेळ रात्री दोन ते चार. शहर झोपलेलं असतं, नळ बंद असतात. त्या वेळी एखाद्या भागाच्या मुख्य वाहिनीवरच्या मीटरमधून जे पाणी वाहताना दिसतं, त्यातला बहुतेक भाग गळतीचा असतो. जगभर पाणीपुरवठ्याचे हिशेब असेच बसवले जातात. शहराचे हजार-दोन हजार जोडण्यांचे छोटे बंदिस्त भाग पाडायचे, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवायचा, रात्रीचा प्रवाह रोज पाहायचा. एका रात्रीत आकडा चढला की त्या भागात नवी गळती झाली हे दुसऱ्या सकाळी कळतं. मग शोधणं, खणणं, सांधणं. गळती किती मोठी यापेक्षा ती किती दिवस वाहिली, यावर नुकसान ठरतं. म्हणून चांगल्या पाणीपुरवठ्याचं काम अग्निशमन दलासारखं चालतं: वर्दी लवकर हवी आणि गाडी लवकर निघायला हवी.

आपल्याकडची मेख इथेच आहे. आपल्या बहुतेक शहरांत रात्री तीन वाजता गल्लीतल्या पाइपात पाणीच नसतं. मुंबईत शेकडो छोट्या भागांना ठरावीक वेळेत पाणी दिलं जातं. चावीवाले दिवसभर व्हॉल्व्ह फिरवत असतात. कुणाला पहाटे चारला, कुणाला दुपारी दोनला. रिकाम्या पाइपात रात्रीचा प्रवाह कसा मोजणार? पाणी दोन-चार तासच वाहतं म्हणून गळती कमी दिसते, आणि मोजता येत नाही म्हणून ती कुठे आहे ते कळत नाही. अशा व्यवस्थेत चोवीस तास पाणी द्यायचं म्हटलं की अभियंता घाबरतो, आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे. भोकं न बुजवता पाइप चोवीस तास भरलेले ठेवले तर गळती कित्येक पट वाढेल. पण भोकं शोधायची तर पाइप भरलेला लागतो. ही गाठ एका झटक्यात सुटत नाही. एकेक छोटा भाग वेगळा काढून, तिथले पाइप आणि सर्व्हिस लाइन बदलून, तिथे सतत दाब ठेवून, मगच पुढचा भाग घ्यावा लागतो. काम संथ आहे, रटाळ आहे आणि त्याचं उद्‌घाटन करता येत नाही.

ठरावीक वेळेच्या पाण्याने आपल्याला काय शिकवलं तेही बघा. आपण शिळं पाणी हा शब्द घडवला. भात शिळा होतो, पोळी शिळी होते, तसं पाणी शिळं होतं. काल भरलेली कळशी आज नवं पाणी आलं की मोरीत ओतायची. पिंप, हंडे, संप, गच्चीवरची टाकी. पाणी येईल की नाही या धास्तीने गरजेपेक्षा जास्त भरायचं आणि मग टाकायचं. फ्लोट नसलेली टाकी पहाटे भरून वाहते तेव्हा इमारतीतलं कुणीही जागं नसतं. नळाला मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढायचं आणि त्या ओढीने गटारातलं पाणीही भोकातून आत घ्यायचं. पाणी जाताना पाइपात पोकळी होते, आणि ज्या भोकातून शुद्ध पाणी बाहेर जातं त्याच भोकातून घाण आत येते. पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून ते सोडून द्यायचं हे आपल्या आयांना पाठ होतं. पुरवठा सुरू होताना पाइपातली कोंडलेली हवा मीटर फिरवते, ते वेगळंच. म्हणजे काही घरं वाऱ्याचंही बिल भरतात.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. २००८ मध्ये कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या निवडक भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी हे भाग आणि तासांवारी पाणी मिळणारे शेजारचे भाग यांची तुलना केली. तासांवारी पुरवठ्याच्या नळांत जंतुदोष जास्त सापडला. लहान मुलांच्या साध्या अतिसारात एकूण फरक फारसा दिसला नाही, पण विषमज्वर सततच्या पुरवठ्याच्या घरांत लक्षणीय कमी होता. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला. गळती हा पैशांचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो दवाखान्याच्या दारातूनही घरात येतो.

मग इतकं सगळं ठाऊक असताना हिशेब का बसत नाही?

आधी माझ्यासारख्या फ्लॅटवाल्यापासून सुरुवात करू. पुण्यात घरगुती पाण्याची पट्टी वर्षानुवर्षं मिळकत करातूनच घेतली गेली. किती वापरलं याच्याशी तिचा संबंध नाही. तिथे चोवीस तास पाण्याची योजना आली, २०१७ मध्ये महापालिकेने त्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मीटर बसू लागले. आणि ज्यांच्या सोसायट्यांत रोज गाड्या धुतल्या जातात त्यांनीच मीटरला सगळ्यांत मोठा विरोध केला. आम्हाला गळतीपेक्षा मोजणीची भीती जास्त वाटते. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे. त्याच हजार लिटरसाठी टँकरवाला शेकडो रुपये घेतो आणि आम्ही मुकाट देतो. पाणी स्वस्त असेल तर ते वाया जाण्याचं दुःख कुणाला होणार?

मग नगरसेवक. “आमच्या प्रयत्नांनी पाण्याचा दाब वाढला” असा फलक लावायचा तर पाणी कमी-जास्त करता आलं पाहिजे. सगळ्यांना सगळ्या वेळी सारखं पाणी मिळू लागलं तर त्याने कुणाला काय दिलं? त्यानंतर टँकरवाला; त्याचा धंदाच टंचाईवर उभा आहे. आणि खातं. नेमका आकडा असेल तर तो दरवर्षी खाली आला का, असा प्रश्न येतो. अंदाजाला असा प्रश्न विचारता येत नाही. शिवाय टंचाई मोठी दिसली की मोठा प्रकल्प मंजूर होतो, मोठी निविदा निघते. सात हजार ठिकाणचे सांधे बदलण्याच्या कामाची अशी एक मोठी निविदा निघत नाही. यात कुणी खलनायक नाही. प्रत्येकाची थोडी थोडी सोय आहे, आणि त्या सोयींची बेरीज म्हणजे हे बेहिशेबी पाणी.

एका माणसाची सोय मात्र होत नाही, आणि चोर म्हणून बोट नेमकं त्याच्याकडेच दाखवलं जातं. झोपडपट्टी अमुक सालानंतरची, म्हणून नळजोड नाही, हा नियम मुंबईत बरीच वर्षं होता. पाणी तर लागतंच. मग ते चोरट्या जोडणीतून, दलालाकडून, पिंपावर पैसे मोजून आलं, आणि इमारतीतल्या माणसापेक्षा कित्येक पट महाग पडलं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर केलं. धोरणातल्या दयेपेक्षा मला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपण जोडणी देत नाही त्याचं पाणी आपण मोजू शकत नाही. वहीबाहेर ठेवलेला माणूस वहीबाहेरचंच पाणी पिणार. चोरी कमी करायचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे कायदेशीर नळ, आणि त्यापुढे मीटर.

हे सगळं साधतं का? कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हे अशा वेळी घ्यायचं उदाहरण. १९९३ मध्ये ‘एक सोन चान’ नावाचे अभियंते तिथल्या सरकारी पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख झाले. यादवी युद्धातून नुकतंच बाहेर आलेलं शहर, दिवसाला मोजके तास पाणी, आणि तयार केलेल्या पाण्यातलं ७२ टक्के बेहिशेबी. खात्यातलेच लोक पैसे घेऊन चोरट्या जोडण्या देत. चान यांनी ग्राहकांची यादी घरोघर फिरून नव्याने केली, सगळ्यांना मीटर लावले, आपल्या माणसांचे पगार वाढवले आणि चोरीत सापडलेल्यांना घरी पाठवलं. चोरटी जोडणी कळवणाऱ्याला दंडातला हिस्सा दिला. एका लष्करी अधिकाऱ्याकडे ते स्वतः मीटर लावायला गेले तेव्हा त्याने पिस्तूल रोखलं. ते परतले, सशस्त्र पोलीस आणि पत्रकार घेऊन पुन्हा गेले आणि त्याचं पाणी तोडलं. गरिबांना जोडणीच्या खर्चात सवलत दिली, हप्ते दिले. दीड दशकात बेहिशेबी पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. २००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी मदत त्यांना मिळाली होती, हे खरं. पण मदत इतर शहरांनाही मिळते. चान यांनी आधी वही लिहिली आणि मग पाइप टाकले, हा त्या शहरांतला आणि नॉम पेन्हमधला फरक.

कंबोडिया लांब वाटत असेल तर कराडला लागून असलेलं मलकापूर बघा. २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास वस्ती. २००८-०९ च्या सुमाराला तिथल्या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साथीने चोवीस तास पाण्याची योजना उभी केली. संगणकावर जाळ्याची आखणी, घरापर्यंत चांगल्या प्लॅस्टिकचे पाइप, प्रत्येक जोडणीला दुरून वाचता येणारा मीटर, आणि वापर वाढला की चढत जाणारा दर. कमी वापरणाऱ्याला पाणी स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग. पाणी केव्हाही येतं असा भरवसा बसल्यावर लोकांनी साठवणं सोडलं, आणि शिळं पाणी ओतून देणंही आपोआप बंद झालं. योजनेला पंतप्रधानांचा पुरस्कार मिळाला. मुंबईचा अभियंता म्हणेल, तीस हजार वस्तीचं गाव आणि कोटीच्या पलीकडचं शहर यांची तुलना कशी? बरोबर आहे. पण मुंबईत तीस हजार वस्तीचे छोटे भाग शेकडो आहेत. मलकापूरला मुंबई व्हायचं नाही. मुंबईने स्वतःत एकेक मलकापूर वेगळं काढायचं आहे.

इथे एक वाद हमखास निघतो: हे काम महापालिकेने करायचं की कंपनीने? २०१२ मध्ये नागपूरने संपूर्ण शहराचं पाणीवाटप २५ वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवलं. पाच वर्षांत शहरभर चोवीस तास पाणी देण्याचं उद्दिष्ट होतं. मुदत उलटून गेली तरी ते पूर्ण झालं नाही. त्याआधी मुंबईत के-पूर्व प्रभागासाठी जागतिक बँकेच्या पैशातून पाणीवाटपाचा अभ्यास झाला, तेव्हा खासगीकरणाच्या भीतीने मोठा विरोध झाला. ती भीती मला पोकळ वाटत नाही. मीटर हे मोजण्याचं साधन आहे तसं तोडण्याचंही आहे, आणि ज्याचं पोट हातावर आहे त्याला हे आधी कळतं. म्हणून किमान गरजेचं पाणी जवळजवळ फुकट आणि त्यावर चढता दर, ही मीटरच्या आधीची अट असली पाहिजे. पण मालकीच्या वादात आपण वीस वर्षं घालवली. नॉम पेन्हची संस्था सरकारी आहे, फिलिपिन्समध्ये मनिलाच्या पूर्व भागात कंपनी आहे, आणि दोन्हीकडे गळती मोठ्या प्रमाणात खाली आली. चालवणारा कुणी का असेना, त्याला दर महिन्याला एक खरा आकडा लोकांपुढे ठेवावा लागतो का, यावर सगळं ठरतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गळती शून्यावर कधीच येत नाही, आणि शेवटचे काही टक्के वाचवायला पाण्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. हे मान्य. टोकियोने दशकानुदशकं खपून, रात्री कान लावून फिरणारी माणसं नेमून, सर्व्हिस लाइन स्टेनलेस स्टीलच्या करून गळती तीन टक्क्यांच्या आसपास आणली. आपण उद्याच तिथे पोहोचावं असं म्हणणं हास्यास्पद होईल. बेहिशेबी पाण्यासाठी केंद्र सरकारचं २००८ चं मानक २० टक्के आहे. तिथवर जाण्याचा खर्च कशाशी तोलायचा हा प्रश्न आहे. आपण तो आजच्या पाण्याच्या दराशी तोलतो आणि म्हणतो, परवडत नाही. तोलायला हवा पुढच्या पाण्याच्या दराशी: गारगाईच्या, मनोरीच्या. वैतरणा-तानसाचं पाणी उताराने, जवळजवळ फुकट मुंबईत येतं. या फुकटपणाने सव्वाशेहून जास्त वर्षं आपल्याला गळतीबद्दल बेफिकीर ठेवलं. भातसाचं पाणी पिसे इथे उपसावं लागतं, पांजरापूरला शुद्ध करून पुन्हा चढवावं लागतं. समुद्राच्या पाण्याला तर प्रत्येक थेंबाला वीज लागेल. फुकट पाण्याचे दिवस संपले. फुकट पाण्याच्या सवयी मात्र अजून आहेत.

म्हणून माझी मागणी पाइपांची नाही, पाइपांच्या आधीची आहे. प्रत्येक प्रभागाच्या तोंडाशी मीटर बसवा आणि त्या प्रभागात किती पाणी गेलं, किती बिलात आलं, हे दर महिन्याला जाहीर करा. आकडा लाजिरवाणा असेल, असू दे. लाजिरवाणा आकडा पाहिल्यावरच कुणी तरी हलतं. टक्केवारी एकच सांगू नका. मुरलेलं किती, न मोजलेलं किती, चोरलेलं किती, हे वेगळं सांगा. तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस लागले ते सांगा. ज्यांना जोडणी नाही त्यांना जोडणी द्या आणि त्यांचंही मोजा. थकबाकीच्या दंडात सूट देणाऱ्या अभय योजना काढण्याआधी, ज्यांनी वेळेवर बिल भरलं त्यांना आपण नेमकं काय सांगतो आहोत याचा विचार करा. आणि मुख्य म्हणजे, हा हिशेब तीन वर्षं सलग मांडल्याशिवाय शहराला नव्या धरणाची मंजुरी मिळू नये. घरात नवं कर्ज काढणाऱ्या मुलाला बाप आधी जुन्या खर्चाची वही मागतो. शहराकडे ती वही कुणी मागितलेली नाही.

ती मागण्याचा पहिला हक्क मुंबईकरांचा आहे असंही मला वाटत नाही. तानसा, वैतरणा, भातसा यांच्या काठावर शहापूर आणि मोखाडा हे तालुके आहेत. मुंबईचं बहुतेक पाणी तिथून येतं. दर उन्हाळ्यात तिथल्या गावपाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. त्यांच्या उशाशी अडवलेलं पाणी शंभर किलोमीटर वाहत येऊन आमच्या गल्लीत पाच आठवडे गवताला मिळालं. त्याचा हिशेब आम्ही त्यांना देणं लागतो.